विश्लेषण : राधानगरीचे धरण, दाजीपूरचे जंगल… शाहू महाराजांचे चरित्र मुलांना पर्यावरण कसे शिकवते?

जून महिन्यात शाळांमध्ये दोन कार्यक्रम हमखास होतात. ५ जूनच्या जागतिक पर्यावरण दिनाच्या आसपास वृक्षारोपण आणि २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती. पहिल्या कार्यक्रमात रोपे लावली जातात, दुसऱ्यात भाषणे होतात. मुलांच्या लेखी हे दोन वेगळे विषय राहतात. शाहू महाराज म्हणजे आरक्षण, वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण आणि पर्यावरण म्हणजे झाडे लावा, प्लास्टिक टाळा. प्रत्यक्षात कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या या राजाने बांधायला घेतलेले धरण आणि राखलेले जंगल आजही कोल्हापूर जिल्ह्याच्या पाण्याचा आधार आहे. त्यांच्या चरित्रातला हा भाग मुलांना नीट सांगितला, तर परिसराची काळजी का घ्यायची, याचे उत्तर घराजवळच सापडते.

कागलशी नाते काय?

कोल्हापूरच्या दक्षिणेला, पुणे-बेंगळूरु महामार्गावर, कर्नाटकच्या सीमेजवळ कागल आहे. करवीर संस्थानातील ही महत्त्वाची जहागीर घाटगे घराण्याकडे होती. जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि राधाबाई यांच्या पोटी २६ जून १८७४ रोजी मुलगा झाला. जन्म कोल्हापुरात, कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. त्याचे नाव यशवंतराव. धाकट्या भावाचे नाव पिराजीराव.

यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना आई गेली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचे डिसेंबर १८८३ मध्ये निधन झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि वयाच्या दहाव्या वर्षी कागलच्या घरचा मुलगा कोल्हापूरचा शाहू छत्रपती झाला. दोनच वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, वडिलांचेही छत्र हरपले.

आई-वडिलांची नावे मात्र त्यांनी नकाशावर कायम ठेवली. १९१७ मध्ये वसवलेल्या बाजारपेठेच्या गावाला वडिलांवरून जयसिंगपूर हे नाव मिळाले. धरणाजवळच्या गावाला मुलीच्या नावावरून राधानगरी म्हटले गेले. मुलीचे नाव राधाबाई आणि आईचेही नाव राधाबाईच. कागलमधला जयसिंगराव तलाव आणि मुरगूडचा सर पिराजीराव तलाव हीदेखील याच घराण्यातील वडिलांची आणि भावाची नावे. कागल तालुक्यातील मूल ज्या तलावांच्या काठाने जाते, त्यांच्या नावांतच एका कुटुंबाचा इतिहास आहे.

राजाचे शिक्षण कसे झाले?

शाहू महाराजांचे शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि १८९० पासून धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. भाषा, इतिहास, राज्यकारभार हे विषय होतेच, पण या काळात त्यांनी देशभर प्रवासही केला. घोडेस्वारी, शिकार आणि कुस्ती यांची आवड लहानपणापासूनची. त्यामुळे राजवाड्याबाहेरचा मुलुख, डोंगर, ओढे आणि तिथे राहणारी माणसे यांच्याशी त्यांचा संबंध पुस्तकापुरता राहिला नाही. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

पाण्याचा प्रश्न कधी समोर आला?

कारभार हाती घेऊन दोन वर्षे होतात न होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. पाठोपाठ प्लेगची साथ आली. धान्य महागले, चारा संपला, जनावरे कवडीमोल किमतीत विकली जाऊ लागली. संस्थानाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, जनावरांसाठी छावण्या काढल्या आणि हाताला काम मिळावे म्हणून दुष्काळी कामे सुरू केली. या कामांवर येणाऱ्या आयांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याचीही व्यवस्था करण्यात आली.

दुष्काळ पावसाने येतो, पण त्याची झळ किती बसणार हे माणसाने आधी काय करून ठेवले आहे, यावर ठरते. कोल्हापूर संस्थानाच्या पश्चिमेला सह्याद्रीवर धो-धो पाऊस पडत होता. ते पाणी भोगावती, दूधगंगा, वेदगंगा अशा नद्यांतून वाहून जात होते आणि उन्हाळ्यात पूर्वेकडची गावे कोरडी पडत होती. पाणी अडवणे, साठवणे आणि ते उगम पावते तिथले जंगल टिकवणे ही एकाच कामाची तीन अंगे होती.

१९०२ चे पाटबंधारे धोरण काय होते?

१९०२ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानासाठी पाटबंधाऱ्यांचे स्वतंत्र धोरण आखले. गावोगावच्या विहिरी आणि तलावांची पाहणी, जुन्यांची दुरुस्ती आणि नव्यांसाठी मदत, असा त्याचा गाभा होता. आधी मोजणी, मग खर्च, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्या गावात पाणी कुठे आहे, किती आहे आणि किती दिवस पुरते, हे माहीत नसेल तर नवे काम कुठे काढायचे हे ठरवता येत नाही.

याच वर्षी जुलैमध्ये संस्थानातील नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा प्रसिद्ध हुकूम निघाला. दोन्ही निर्णयांमागे विचार एकच दिसतो. संधी असो वा पाणी, ते वरच्या टोकाला अडून राहता कामा नये.

राधानगरी धरण कसे उभे राहिले?

१९०९ मध्ये भोगावती नदीवर, फेजिवडे गावाजवळ धरणाचे काम सुरू झाले. दुर्गम डोंगर, मुसळधार पाऊस आणि यंत्रसामग्रीची टंचाई असताना एका लहान संस्थानाने स्वतःच्या बळावर घेतलेले हे काम होते. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हटले जाऊ लागले.

दरवर्षी पावसाळ्याची चार-पाच महिने काम थांबे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अडचणी आणखी वाढल्या. १९१८ पर्यंत भिंत सुमारे ४० फूट उंच झाली आणि पैशाअभावी काम थांबवावे लागले. शाहू महाराजांनी हे धरण पूर्ण झालेले पाहिले नाही. ते पूर्णत्वाला गेले स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात.

आज राधानगरीची साठवण क्षमता ८.३६ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचे तर पूर्ण भरलेल्या राधानगरीत २३ हजार ६०० कोटी लिटरहून अधिक पाणी असते. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट, म्हणजे साधारण ४० हजार लिटर पाणी बाहेर पडते. दहा हजार लिटरचा टँकर मुलांनी पाहिलेला असतो. असे चार टँकर एका सेकंदात रिकामे होतात, असे सांगितले की पावसाळ्यात मोबाइलवर येणाऱ्या दरवाजे उघडल्याच्या बातमीचा अर्थ पाचवीतल्या मुलालाही कळतो. नदीकाठच्या लोकांना सावध का करतात, हेही मग वेगळे समजावावे लागत नाही.

१९१८ हे वर्ष इतके महत्त्वाचे का?

धरणाचे काम थांबले, त्याच वर्षी शाहू महाराजांवर मोठा आघात झाला. धाकटे चिरंजीव शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोडा फेकत असताना पडले आणि जून १९१८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे एकोणीस. ज्या शिकारीचा वडिलांना आयुष्यभर षोक होता, तिनेच मुलगा नेला.

शिवाजींच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा बालवयातच होत्या. विधवा सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवण्याची रूढी मोडून शाहू महाराजांनी सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची सोय केली. त्या काळात राजघराण्यात यालाही विरोध झाला. तरीही शिक्षण थांबले नाही.

शिकारी राजा जंगलाचा रक्षक कसा?

हा प्रश्न मुले विचारतातच आणि तो टाळू नये. शाहू महाराज शिकारी होते. त्यांच्या पदरी शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते आणि काळविटांमागे ते सोडले जात. त्या काळातील बहुतेक संस्थानिक शिकारी होते. भारतातून चित्ता नामशेष होण्यामागे शिकार हे एक मोठे कारण ठरले. १९५२ मध्ये तो देशातून संपल्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे तो आफ्रिकेतून पुन्हा आणावा लागला.

दाजीपूरचे जंगल टिकले तेही आधी संस्थानची राखीव शिकारभूमी म्हणून. तिथे मनमानी तोड चालत नसे. त्यामुळे गव्यांचे कळप, अस्वल, सांबर आणि दाट सदाहरित झाडी वाचली. हेतू शिकारीचा होता आणि परिणाम संरक्षणाचा झाला. राखीव जंगलाची बंधने मात्र तिथल्या वाड्या-वस्त्यांनी सोसली, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर जंगलाचा हेतूही बदलला. १९५८ मध्ये दाजीपूर हे गव्यांसाठीचे अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राधानगरीचाही समावेश आहे.

मुलांना यातून एक मोठी गोष्ट सांगता येते. माणूस चांगला किंवा वाईट अशा एकाच खान्यात बसत नाही. एखाद्या पिढीने जे एका कारणासाठी राखले, ते पुढच्या पिढीला अधिक चांगल्या कारणासाठी वापरता येते. शिकारीची हौस तिथेच सोडून जंगल पुढे नेता आले, कारण जंगल शिल्लक होते.

जंगलाचा कागलच्या पाण्याशी काय संबंध?

राधानगरी अभयारण्य दोन मोठ्या जलाशयांना वेढून आहे. एक भोगावतीवरील राधानगरी आणि दुसरे दूधगंगेवरील काळम्मावाडी. काळम्मावाडीची क्षमता २५.४० टीएमसी, म्हणजे राधानगरीच्या तिपटीहून अधिक. हे दुसरे धरण शाहू महाराजांनंतर बऱ्याच वर्षांनी झाले. त्यातून सुटणारे पाणी दूधगंगेतून कागलजवळून पुढे जाते. तालुक्यातील ऊस, भाजीपाला आणि अनेक गावांच्या पाणी योजना या नदीवर अवलंबून आहेत.

जंगलाची जमीन पालापाचोळ्याने झाकलेली असते. पाऊस थेट मातीवर आदळत नाही, पाणी हळूहळू मुरते आणि पावसाळा संपल्यावरही झऱ्यांतून येत राहते. झाडी गेली की माती वाहून येते आणि धरणात गाळ साचतो. गाळ वाढला की तेवढीच पाण्याची जागा कमी होते. म्हणजे दाजीपूरच्या डोंगरावर काय घडते, याचा परिणाम कागलच्या शेतातील पाटापर्यंत पोहोचतो. दाजीपूर कधीही न पाहिलेले मूलही रोज त्या जंगलाशी जोडलेले असते.

मुलांच्या शाळेसाठी त्यांनी काय केले?

शाहू महाराजांच्या काळात पर्यावरण शिक्षण हा शब्दही नव्हता. त्यांनी त्याआधीची पायरी बांधली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहे सुरू झाली. जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुले अशा अनेकांसाठी कोल्हापुरात राहण्याची सोय झाली. खेड्यातला मुलगा शहरात येऊन शिकू लागला.

१९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्यात आले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. गुरे राखणारा, मोटेवर बसणारा, शेण गोळा करणारा मुलगा शाळेत यावा, हा यामागचा हेतू. ही मुले नदी, झाड, जनावर यांच्या सहवासातच वाढत होती. त्यांना अक्षरओळख आणि हिशेब हवा होता.

आज स्थिती उलटी झाली आहे. मुले शाळेत आहेत, वाचतात, लिहितात, मोबाइलवर जगातल्या कोणत्याही जंगलाचे चित्रीकरण पाहतात. आपल्या घरचे पाणी कुठल्या नदीचे, हे मात्र अनेकांना सांगता येत नाही. शाहू महाराजांनी रानातल्या मुलाला शाळेत आणले. आता शाळेतल्या मुलाला अधूनमधून रानात न्यावे लागणार आहे.

शाळा आणि पालक काय करू शकतात?

तिसरी ते पाचवीच्या वर्गांना परिसर अभ्यास हा विषय आहेच. त्यासाठी वेगळा खर्च न करता काही गोष्टी करता येतात.

पाण्याचा माग काढणे : घरातील नळ, मग टाकी, मग पाणी योजना, मग नदी, मग धरण, मग डोंगर. मुलांनी हा प्रवास स्वतः विचारून वहीत काढावा. पाणी सोडणारा कर्मचारी, शेतकरी, आजी-आजोबा यांच्याशी बोलावे. नकाशा तयार झाला की कचरा ओढ्यात का टाकायचा नाही, यावर वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

तलावाचे वर्षभराचे निरीक्षण : जयसिंगराव तलाव असो, सर पिराजीराव तलाव असो किंवा गावचे साधे तळे, पाणी जूनमध्ये कुठवर होते, ऑक्टोबरमध्ये कुठवर आणि मे महिन्यात कुठवर, याची तीन छायाचित्रे एकाच जागेवरून घ्यावीत. मोबाइलचा याहून चांगला उपयोग नाही. मुलांना पाण्याजवळ नेताना मोठी माणसे सोबत हवीतच.

गव्याची खरी ओळख : अनेक जण गव्याला गवारेडा म्हणतात, पण तो म्हशीच्या नव्हे, गायीच्या कुळातला. गुडघ्याखालचे पाय पांढरे, जणू मोजे घातलेले. जंगलालगतच्या शेतात गवे शिरतात आणि पिकाचे नुकसान होते. गवा वाचवायचा आणि शेतकऱ्याचे नुकसानही व्हायला नको, तर काय करता येईल, यावर मुलांना चर्चा करू द्यावी. दोन्ही बाजू ऐकल्यावर सोपे उत्तर नसते, हे समजणे हेच शिक्षण.

जबाबदारी वाटून देणे : वर्गाची बाग, पाण्याची टाकी, ओला कचरा, पक्ष्यांचे पाणी, असे एकेक काम दोन-तीन मुलांकडे महिनाभर द्यावे. एका दिवसाच्या फेरीपेक्षा महिनाभराचे काम मनात टिकते.

केवळ वृक्षारोपणाने का भागत नाही?

२६ जून हा झाडे लावण्यासाठी चांगला दिवस. पाऊस सुरू झालेला असतो, माती ओली असते. पण रोपाची खरी परीक्षा जूनमध्ये नसते, ती पुढच्या मार्च ते मे महिन्यांत असते. शाळेला सुट्टी, मैदानात ऊन, मोकाट जनावरे आणि पाणी घालायला कोणी नाही, अशा स्थितीत रोपे वाळतात. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात पुन्हा नवे रोप लावले जाते आणि मुले नकळत शिकतात की झाड लावायचे असते, जगवायचे नसते.

म्हणून लावलेल्या रोपांची संख्या जाहीर करण्यापेक्षा जगलेल्या झाडांची मोजणी करणे अधिक उपयोगाचे. आंबा, फणस, जांभूळ, करंज, कडुनिंब अशी इथल्या मातीत रुळणारी मोजकीच झाडे लावावीत. प्रत्येक झाडाला कुंपण असावे, उन्हाळ्यातील पाण्याची पाळी आधीच ठरावी आणि सुट्टीत जवळ राहणाऱ्या मुलांकडे ती द्यावी. दोन उन्हाळे काढलेले झाड बहुधा पुढे स्वतःच्या बळावर उभे राहते.

पुढे काय?

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन झाले, वयाच्या ४८व्या वर्षी. त्या दिवशी राधानगरीची भिंत अर्धवट होती. ती पूर्ण करणाऱ्यांनी ती सुरू करणाऱ्याला पाहिले असेलच असे नाही. आज त्या पाण्यावर पिकणारा ऊस, चालणारी शहरे आणि निर्माण होणारी वीज हे त्या अपुऱ्या कामाचे फळ आहे. पर्यावरणाच्या बहुतेक कामांचे असेच असते. फणस लावणाऱ्याला गरे मिळतीलच असे नसते.

मुलांना हे सांगताना राजाची मूर्ती मोठी करण्याची गरज नाही. दुष्काळ पाहिलेल्या एका तरुणाने गावोगावच्या विहिरी मोजल्या, नदी अडवायला घेतली, पैसे संपले तिथे थांबला आणि बाकीचे पुढच्यांवर सोपवले, एवढे सांगितले तरी पुरे. पुढचे म्हणजे कोण, हे मुले आपोआप ओळखतात. येत्या २६ जूनला शाळेच्या आवारात नवे खड्डे खणण्यापूर्वी गेल्या वर्षीची किती झाडे उभी आहेत, हे त्यांनाच मोजू द्यावे आणि तो आकडा फळ्यावर लिहावा.